दुसऱ्या शिफ्टचे लाल दिवे

“मग खिडकी अजून लहान करू का, वस्ताद?”

बापूलाल वस्ताद प्रेसकडे बघत होते.

प्रेस खाली आला, थांबला, वर गेला. शेजारच्या पेटीवर लाल दिवा लागला.

प्रेसपुढे मालन बसली होती. तिनं तो नग उचलून लाल क्रेटमध्ये ठेवला आणि दुसरा घेतला. दिव्याकडे तिनं बघितलंही नाही.

“बघितलंत?” श्रेणिक म्हणाला. “पहिल्या शिफ्टला सबंध दिवसात एखादा लाल. ही बसली की क्रेट भरतो.”

हे तो हळू म्हणाला नाही.

वस्ताद एका उलट्या ठेवलेल्या खोक्यावर बसले. त्यांना खुर्ची आणायला माणूस पळाला होता. खुर्ची आली, ती शेजारी तशीच राहिली.

आता हा कारखाना कोल्हापूरच्या बाहेरचा, माळावरचा. ट्रॅक्टरच्या ब्रेकचे लिव्हर तिथं होत. लिव्हरच्या एका टोकाला कान असतो, कानाला भोक असतं, आणि त्या भोकात गनमेटलचा बुश, म्हणजे एक पोकळ नळकांडं, दाबून बसवायचा. तो घट्ट बसला पाहिजे. सैल बसला तर त्या दिवशी कुणाला कळत नाही. ऊस भरून निघालेल्या माणसाला पुढं कधीतरी उतारावर कळतं.

बुश कसा बसला हे वरून बघून सांगता येत नाही. म्हणून ती पेटी. प्रेस बुशला खाली ढकलत जातो, तशी पेटीच्या पडद्यावर एक रेघ चढत जाते. प्रेस किती खाली आला ते आडवं, किती जोर लागला ते उभं. त्या रेघेच्या वाटेवर एक चौकोन आखून ठेवायचा. त्याला खिडकी म्हणतात. रेघ डावीकडनं खिडकीत शिरली आणि उजवीकडनं बाहेर पडली, की हिरवा दिवा. वरनं किंवा खालनं निसटली, की लाल.

खिडकी कुठं आखायची आणि केवढी, हे पेटीला माणसानं सांगावं लागतं. इथं ते श्रेणिक मगदूमनं सांगितलं होतं.

श्रेणिक वस्तादांचाच शिष्य. वस्ताद तंत्रनिकेतनात मोजमापाचा विषय शिकवीत. कुस्तीशी त्यांचा कधी संबंध आला नाही, तरी पोरं त्यांना वस्तादच म्हणत, आणि पुढं गावही म्हणायला लागलं. त्यांच्या हाताखालच्या पोरांत श्रेणिक सगळ्यांत चलाख. या पेट्यांचं शिक्षण तो जर्मनीला जाऊन घेऊन आला होता.

त्या दिवशी त्यानंच गाडी पाठवून वस्तादांना आणलं होतं. आपलं काम गुरूनं एकदा बघावं, एवढीच इच्छा. बघून काय म्हणावं, हेही त्यानं मनाशी ठरवून ठेवलं असावं.

“खिडकी लहान कशाला?” वस्तादांनी विचारलं.

“अजून कडक होईल.”

“आहे ती केवढीशी आहे. हिच्यातनं मांजर तरी जाईल का?”

श्रेणिक हसला. गुरूची थट्टा ही त्याला शाबासकीच वाटली.

मग त्यानं बाकीचं सांगितलं. सोमवारपासून मालनला प्रेसवरनं काढून धुलाईत घालायचं ठरलं होतं. मालकांशी बोलून झालं होतं. धुलाईत दिवसभर उभं राहायचं आणि रॉकेलात हात बुडवून लिव्हर धुवायचे. उभं राहण्याचं मालनला काही नव्हतं, तिचा जन्म उभ्यानंच गेला होता. पण मालनचा हात वाकडा पडतो, असं सगळ्या शेडमध्ये झालं होतं. प्रेस आला त्या दिवसापासून ती त्याच्यापुढं बसत होती. दोन नव्या बायकांना तिनंच हाताला धरून शिकवलं होतं. त्या दोघी आता डबा खाताना तिच्याकडे बघत नसत.

“हात वाकडा पडतो म्हणजे?”

“बुश तिरका ठेवते, वस्ताद. ही बघा तिची रेघ.” श्रेणिकनं पडद्यावर बोट ठेवलं. “जोर वेळेआधी चढतो. खिडकीपाशी येईस्तोवर रेघ वर गेलेली असते. बुश कडेला अडला की असं होतं. तुम्हीच शिकवलंय.”

“होय,” वस्ताद म्हणाले. “तिरका ठेवला की असं होतं.”

मालनच्या कानावर हे सगळं जात होतं. तिनं हातातला बुश ठेवला, पदरानं कपाळ पुसलं.

“मी सरळच ठेवतोय, साहेब.”

“मी कुठं काय म्हणतोय, ताई?” श्रेणिक म्हणाला. “मी नाही म्हणत. पेटी म्हणते.”

मालननं पुढचा लिव्हर उचलला.

लाल.

वस्ताद उठले. तिच्या मागं जाऊन उभे राहिले. एक नग बघितला, दुसरा बघितला, बरेच बघितले. तिचे हात ते बघत होते का लिव्हर बघत होते, हे श्रेणिकला सांगता आलं नसतं. तो घड्याळ बघत होता. चार वाजता मालक भेटणार होते.

मग वस्ताद परत खोक्यावर येऊन बसले.

“खिडकी कशी ठरवलीस?”

हे सांगायला श्रेणिकला आवडलं. प्रेस बसवला त्या दिवशी पूजा झाली, थोरल्या मालकांनी नारळ फोडला. सगळे उभे होते. श्रेणिकनं कोट काढून ठेवला आणि पहिले नग स्वतः दाबले. पेटीला शिकवायचे असतात तसे, चांगले नग. त्या सगळ्यांच्या रेघा एकीवर एक टाकल्या. रेघांची जी गर्दी झाली, तिला बेतून खिडकी घातली.

“ते नग चांगले कशावरनं?”

“मी स्वतः दाबले ना, वस्ताद. म्हणजे, सगळी काळजी घेऊन.”

वस्तादांनी पडद्याकडे बघितलं. “गर्दी बरीच रुंद दिसते.”

“थोड्या पांगतातच. ओतीव काम आहे. आपल्या हातात काय आहे त्यात?”

वस्तादांनी उजवा हात पुढं केला.

श्रेणिकला वाटलं, झालं, शाबासकी मिळाली. त्यानं हात पँटला पुसला आणि गुरूच्या हातात दिला.

“दाब.”

“काय?”

“हात दाब माझा.”

वस्तादांचा हात म्हातारा, हाडं लागणारा. श्रेणिकनं बेतानं दाबला.

“जेवत नाहीस का?”

त्यानं जरा जोर केला.

“किती दाबलास?”

“…बऱ्यापैकी.”

“कुठनं मोजलंस?”

“म्हणजे?”

“हात तुझ्या खिशापाशी होता. तिथनं मोजलंस, का माझ्या हाताला लागला तिथनं?”

“लागला तिथनंच की.” श्रेणिक पुन्हा हसला. “त्याच्या आधी कसला दाब?”

वस्तादांनी हात सोडला नाही.

“तुझी पेटी कुठनं मोजते?”

प्रेस खाली आला, थांबला, वर गेला. लाल दिवा लागला.

श्रेणिकचा हात वस्तादांच्या हातातच होता. तो हसत होता, ते हसू तोंडावर तसंच राहिलं होतं. मग ते गेलं.

“…वरनं,” तो म्हणाला. “प्रेस वर उभा असतो तिथनं.”

वस्तादांनी हात सोडला.

मग त्यांनी दोन कोरे लिव्हर मागितले. एक सकाळच्या ढिगातला, एक मालनच्या पुढ्यातला. श्रेणिकनं दोन्ही कानांना जाडी मोजायचा व्हर्नियर लावला. मालनच्या लिव्हरचा कान जाड निघाला. फार नाही, कागदाच्या चार घड्या असाव्यात तेवढा. ड्रॉइंगमध्ये दिलेल्या मापात दोन्ही बसत होते, दोन्ही बरोबर होते. लिव्हर दोन फाउंड्र्यांतनं येत, आणि दुसरीचा टेम्पो दुपारचा, मालनच्या शिफ्टला येई. एवढं कारखान्यात सगळ्यांना माहीत होतं. श्रेणिकलाही होतं.

कान जाड, म्हणून प्रेस त्याला लवकर लागे. लवकर लागला, की जोरही लवकर चढे. पेटी आपली वरनं मोजत बसलेली. तिच्या हिशोबी तो वेळेआधी चढलेला जोर.

श्रेणिक खाली बसला आणि पेटीची कळ दाबू लागला. त्याची बोटं सराईत होती. पेटीचं शून्य त्यानं वरनं काढलं आणि बुश कानाला लागतो तिथं आणलं. साठवलेल्या जुन्या रेघा नव्या शून्यानं परत काढायला सांगितल्या.

पडदा क्षणभर कोरा झाला.

मग रेघा यायला लागल्या. सकाळच्या आल्या. त्यांच्यावर मालनच्या आल्या. जी गर्दी हातभर पांगलेली होती, ती आवळत आवळत सुतळीएवढी झाली. लाल ठरलेल्या रेघा त्या सुतळीत गेल्या, आणि कुठली कुणाची ते कळेना.

“आई गं…” श्रेणिक पुटपुटला.

मालननं मान वर करून बघितलं. पडद्यावरचं तिला वाचता येत नव्हतं. साहेबाचं तोंड वाचता आलं असावं. तिनं प्रेस बंद केला आणि हात मांडीवर ठेवून बसून राहिली.

“ती कोण?” वस्तादांनी विचारलं.

सुतळीच्या खाली एक रेघ एकटीच पडली होती. बाकीच्यांसारखी चढायचं सोडून ती रेंगाळत वर गेली होती.

श्रेणिकनं तिच्यावर खूण नेली. पेटीनं तारीख दाखवली. पूजेची तारीख.

“…माझी.”

“हिरवी होती?”

“हिरवी होती.”

त्या नगाचा कान जाड होता, म्हणून तो लवकर लागला. बुश बारीक होता, म्हणून जोर हळूहळू चढला. लवकर निघालेला आणि सावकाश चालणारा माणूस वेशीपाशी सगळ्यांबरोबरच पोचतो, तसा तो खिडकीपाशी पोचला होता. बरोबर गर्दीच्या मधोमध. श्रेणिकनं त्याला धरून खिडकी आखली होती.

नग कुठं गेला, हे विचारावं लागलं नाही. पूजेचे सगळे नग श्रेणिकच्या कपाटात होते. हिरवा रंग देऊन, नमुना म्हणून ठेवलेले. त्यानं तो काढून आणला, उलटा धरला आणि हातोडीच्या लाकडी मुठीनं एकदा ठोकला.

बुश फरशीवर पडला, घरंगळत प्रेसच्या पायापाशी गेला.

मालन वाकली. बुश उचलून तिनं वस्तादांच्या हातात दिला. साहेबांच्या हातात दिला नाही. मग ती हात धुवायला गेली.

यानंतर श्रेणिकनं जे केलं ते चांगलं केलं, असंच म्हणावं लागेल. मालकांची चारची भेट त्यानं पुढं ढकलली. कारखान्यातनं बाहेर गेलेल्या एकूण एक नगाची रेघ नव्या शून्यानं तपासली. तसला दुसरा नव्हता. नशीब, तो म्हणाला. वस्तादांनी ते ऐकून घेतलं.

मग त्यानं नवी खिडकी आखली. मघाच्यापेक्षा लहान, आणि तरी तिच्यातनं सगळे चांगले नग जात होते. कपाटातला तो एक जात नव्हता. लाल क्रेट त्यानं स्वतः रिकामा केला, त्यातले नग चांगल्यांत घातले. सोमवारचा बदल रद्द, असं मालकांना फोन करून सांगितलं. का रद्द, तेही सांगितलं. आपली चूक सांगताना तो अडखळला नाही.

वस्ताद खोक्यावर बसून होते. त्यांचा चहा आला, तो ते बशीत ओतून प्याले.

“आता बघा, वस्ताद.” श्रेणिकनं प्रेस चालू केला. “मालनताईंना बोलवा रे.”

मालन नव्हती.

एका बाईनं सांगितलं, ती धुलाईत गेली. सोमवारची वाट न बघता गेली. जाताना बसायच्या पाटावरची आपली गोधडीची घडी घेऊन गेली, आणि प्रेस पुसून ठेवून गेली.

श्रेणिक धुलाईकडे निघाला. भराभर निघाला, चांगली बातमी सांगायला जाणारा माणूस निघतो तसा.

धुलाई शेडच्या मागच्या बाजूला. पत्र्याखाली मोठी घमेली, रॉकेलचा वास, ओल. मालन कोपरापर्यंत हात बुडवून लिव्हर धूत होती. श्रेणिक नाकाला रुमाल लावून उभा राहिला, मग त्यानं रुमाल खिशात घातला.

त्यानं तिला सगळं समजावलं. सोप्या शब्दांत समजावलं, कारण तो तेवढा हुशार होता. कान जाड, म्हणून लवकर लागायचा. पेटी वरनं मोजत होती. आता लागल्यापासनं मोजते. तिच्या सगळ्या रेघा इतरांच्या रेघांवर चपखल बसल्या. खिशातनं छापलेला कागदही काढून दाखवला.

मालननं कागद हातात घेतला नाही. हात ओले होते.

“तुमचा हात सरळ आहे, ताई. पेटीनंच सांगितलं.”

मालननं लिव्हर पालथा केला आणि दुसरी बाजू धुवायला घेतली.

“उद्या पुन्हा वाकडा म्हणंल.”

“नाही म्हणणार. दुरुस्त केलीय.”

“असू दे, साहेब.” तिच्या बोलण्यात राग नव्हता. “हितं बरं हाय. हितं दिवा न्हाई.”

बाजूच्या बायका धुवायच्या थांबल्या होत्या. मालननं शिकवलेल्या त्या दोघी नव्याही मागनं बघायला आल्या होत्या. त्यांनाही त्यानं कागद दाखवला. त्या कागदाकडे बघत राहिल्या, मालनकडे कुणी बघितलं नाही.

तो परत आला.

प्रेस चालू होता आणि पुढं कुणी नव्हतं. वस्ताद चपला शोधत होते. गाडी दाराशी लागली होती.

श्रेणिकनं सगळं सांगितलं. आपण काय म्हणालो, ती काय म्हणाली. आपण काही राखून ठेवलं नाही, हे त्यानं दोनदा सांगितलं. बाई हट्टी आहे, असंही म्हणाला, आणि लगेच म्हणाला, तसं नव्हे.

वस्तादांना एक चपल सापडली.

“मालकांना सांगून नोटीस लावतो,” श्रेणिक म्हणाला. “शेडमध्ये, सगळ्यांना दिसेल अशी. पेटीच्या तपासणीत मालनताईंचं काम निर्दोष आढळलं. खाली छापलेली रेघ चिकटवतो. शिक्क्यासकट.”

दुसरी चपल खोक्याच्या मागं होती. श्रेणिकनंच ती काढून दिली, वाकून गुरूच्या पायाशी ठेवली. वाकलेला असतानाच त्यानं विचारलं, आणि या वेळी त्याचा आवाज उतरला होता.

“मी अजून तिला काय दाखवू, वस्ताद?”

वस्तादांनी चपलेत पाय घातला. त्याच्या खांद्यावर हात टेकून ते उठले. हात तसाच राहू दिला. समोर पेटीवर कुठलाच दिवा नव्हता.

“हात वाकडा, हे पेटी म्हणाली होती? पेटीला मालन ठाऊक तरी आहे का रे?”